छोट्या नौदली आइसब्रेकरचं वय हलवर ठरतं की इंजिनवर?

तळेगाव_कॅडेट

नमस्कार मंडळी. मरीन इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात पुण्यात आमचा सेमिनार आहे आणि मी छोट्या नौदली आइसब्रेकरचं, म्हणजे बर्फ फोडून वाट काढणाऱ्या जहाजाचं, सेवा-आयुष्य हा विषय घेतलाय. आकडे गोळा करताना एका ठिकाणी अडकलोय.

अमेरिकेची विंड वर्गाची जहाजं दुसऱ्या महायुद्धात एकाच नकाशावर बांधली गेली. लांबी ८२ मीटर, वजन साधारण ६,५०० टन, डिझेल-इलेक्ट्रिक, १०,००० अश्वशक्ती. ‘साउथविंड’, ‘एडिस्टो’ आणि ‘स्टेटन आयलंड’ १९७४ मध्ये निवृत्त झाली, ‘बर्टन आयलंड’ १९७८ मध्ये. पण ‘वेस्टविंड’ १९८८ पर्यंत चाललं आणि ‘नॉर्थविंड’ १९८९ पर्यंत. सख्ख्या बहिणींत पंधरा वर्षांचा फरक कसा पडतो? दुसरीकडे ग्रेट लेक्समधलं ‘मॅकिनॉ’ १९४४ ते २००६ चाललं, फिनलंडचं ‘वोइमा’ १९५४ चं असून अजून कामावर आहे, आणि कॅनडाच्या ‘लॅब्राडोर’समोर माझ्या तक्त्यात फक्त १९५४ ते १९५७ असं दिसतंय.

तर आधी काय संपतं, हल (जहाजाचं बाहेरचं पोलादी अंग) की यंत्रणा? आणि पस्तीस-चाळीस वर्षांचं असं जहाज तपासायला दिलं तर सुरुवात कुठून करायची? शेवटचा प्रश्न आपल्याकडचा. असं जहाज मुंबई-गोव्याला तळ करून ठेवलं तर काय बिघडेल?

---

शाफ्टलाइन_लोणावळा

प्रश्न छान आहे, आणि उत्तर तुझ्याच तक्त्यात आहे. ‘वेस्टविंड’ आणि ‘नॉर्थविंड’ या दोघींना १९७३ ते १९७५ च्या सुमाराला नवी इंजिनं बसवली. बाकीच्यांना नाही बसवली. हल सगळ्यांचा सारखाच होता, बर्फाच्या पट्ट्यात प्लेट १ ५/८ इंच, म्हणजे ४१ मिलिमीटर. तीस वर्षं बर्फ खाऊनही तो हल पुढची पंधरा वर्षं पेलू शकला. जुनी यंत्रणा घेऊन राहिलेली जहाजं त्याच दशकात गेली. ‘वोइमा’चंही तेच. १९७८-७९ मध्ये इंजिनं बदलून मोठं आधुनिकीकरण झालं, म्हणून ते सत्तरी ओलांडू शकलं.

आता यंत्रणेतलं नेमकं काय थकतं ते सांगतो, कारण ‘इंजिन म्हातारं झालं’ एवढ्यावर सेमिनार होत नाही.

पहिलं म्हणजे डीसी मशीन. त्या काळातले जवळपास सगळे आइसब्रेकर डिझेल-जनरेटर आणि डीसी प्रोपल्शन मोटर अशा जोडणीचे. कारण साधं आहे. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यात बर्फाचा तुकडा अडकला की फेरे एकदम पडतात. थेट जोडलेलं डिझेल अशा वेळी बंद पडेल. डीसी मोटर शून्याजवळच्या फेऱ्यांवरही पूर्ण टॉर्क देते आणि काही सेकंदांत उलट फिरते. धडक मारून मागे येणं, पुन्हा पुढे जाणं हेच काम असेल तर उलट-सुलट फेरे दिवसात शेकडो वेळा होतात. पण या सोयीची किंमत कम्युटेटर चुकवतो, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, ज्यावर कार्बनचे ब्रश टेकून प्रवाह आत देतात. पंखा अडकून मोटर जागेवर थांबली आणि प्रवाह चालूच राहिला तर तोच प्रवाह ब्रशखालच्या त्याच त्या पट्ट्यांतून जातो. त्या तापतात, काळ्या पडतात, वर उचलल्या जातात. मग तिथून ब्रश उडायला लागतात, ठिणग्या वाढतात आणि एक दिवस फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे ब्रशांमध्ये थेट विजेचा लोळ पेटतो.

दुसरं, ब्रशची कार्बन पूड. ती वाइंडिंगच्या टोकांवर आणि ब्रश होल्डरच्या इन्सुलेटरवर बसते, दमटपणा आला की वाहक होते. म्हणून मेगरचं (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरचं) वाचन एकटं बघू नकोस. जुन्या, १९७० पूर्वीच्या वाइंडिंगला किमान मेगओहमचा नियम ‘किलोव्होल्ट अधिक एक’ असा आहे. ९०० व्होल्टच्या मशीनला म्हणजे साधारण १.९, तोही ४० अंश सेल्सियसला दुरुस्त केलेला. १९७० नंतरच्या डीसी आर्मेचरला (फिरत्या वाइंडिंगला) अपेक्षा थेट १०० मेगओहमची. शिवाय एक मिनिटाचं आणि दहा मिनिटांचं वाचन घेऊन त्यांचं गुणोत्तर काढ. बी किंवा एफ वर्गाच्या इन्सुलेशनला ते २ च्या खाली आलं तर ओल किंवा घाण आहे असं धर. आधी व्हॅक्यूमने साफ करायचं, वाळवायचं, मग पुन्हा मोजायचं. कॉम्प्रेस्ड एअर मारू नये, पूड आणखी आत जाते. कम्युटेटरचा अभ्रक तांब्याच्या खाली साधारण एक मिलिमीटर कापलेला असावा. तांबं झिजून अभ्रक वर आला की ब्रश नाचतो.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर समुद्र गाठायची गरज नाही. घोरपडीच्या डिझेल शेडमधल्या डब्ल्यूडीजी-३ए लोकोतही (रेल्वे इंजिनातही) डिझेल, अल्टरनेटर, रेक्टिफायर आणि डीसी ट्रॅक्शन मोटर असते. परवानगी काढून एकदा ट्रॅक्शन मोटरचा ओव्हरहॉल बघ. ब्रश, होल्डर, स्प्रिंगचा दाब, अंडरकट, सगळं तिथे हाताशी आहे.

आणि लोको म्हणताना मुद्दाम एक सांगतो. सोव्हिएत प्रोजेक्ट ९७ ची छोटी बर्फफोडी जहाजं, सुमारे ६८ मीटर लांब, १८ मीटर रुंद, १९६० च्या सुरुवातीपासून १९८१ पर्यंत लेनिनग्राडला तीसच्या वर बांधली गेली. त्यांत प्रत्येकी १,८०० अश्वशक्तीची तीन १३डी१०० इंजिनं. हे डी१०० कुटुंब म्हणजे समोरासमोर पिस्टनचं दोन-स्ट्रोक इंजिन, वर एक क्रँकशाफ्ट, खाली एक. मूळ रचना फेअरबँक्स-मोर्सची, आणि विंड वर्गातही फेअरबँक्स-मोर्सच होती. युद्धकाळात तीन विंड जहाजं सोव्हिएत संघाकडे उसनी गेली होती. हेच डी१०० कुटुंब सोव्हिएत रेल्वेच्या टीई३ आणि टीई१० लोकोंत हजारोंनी बसलं. माझ्या मते प्रोजेक्ट ९७ च्या दीर्घायुष्याचं हे मोठं कारण आहे. लायनर, पिस्टन, इंजेक्टर रेल्वेच्या साखळीतून मिळत राहिले. बाल्टिक ताफ्यातलं ‘बुरान’ १९६६ चं, त्यानेही पन्नाशी ओलांडली.

---

बरगडी_आणि_प्लेट

शाफ्टलाइन सरांशी बहुतांशी सहमत, पण ‘हल मरत नाही’ असं वाक्य सेमिनारमध्ये टाकू नकोस. हल मरतो. फक्त सगळा एकदम मरत नाही, ठरावीक जागी मरतो. त्या जागा माहीत असतील तर कापून बदलता येतात.

तपासणीला मी या क्रमाने जाईन. सगळ्यात आधी कागद. मागच्या डॉकिंगचे जाडी-मापनाचे तक्ते, कुठे प्लेट बदलली आणि कोणत्या ग्रेडची. बर्फाच्या पट्ट्यात ई किंवा ईएच३६ ग्रेडची प्लेट अपेक्षित असते, तिची शार्पी आघात चाचणी (थंडीत पोलाद ठिसूळ होतं का ते बघणारी) उणे ४० अंशाला होते. साध्या ई ला २७ जूल, ईएच३६ ला ३४ जूल. घाईच्या दुरुस्तीत कोणी ए ग्रेडचा तुकडा लावला असेल तर डोळ्यांनी काहीच फरक दिसत नाही. पण थंडीत भेग पहिली तिथून धावते. प्रमाणपत्र नसेल तर त्या प्लेटचा छोटा तुकडा कापून चाचणीला पाठवायचा. खर्च वाटतो, पण दुसरा खात्रीचा उपाय नाही.

मग ड्राय डॉकमध्ये जलरेषेचा पट्टा ग्रिट ब्लास्ट करून उघडा करायचा, एसए २½ या स्वच्छतेच्या पातळीपर्यंत. रंगावरून अल्ट्रासॉनिक मोजू नये, जुना जाड इपॉक्सी वाचन फसवतो. साधी पद्धत प्रत्येक प्लेटवर पाच वाचनांची. आइसब्रेकरच्या नाळेपासून (पुढच्या टोकापासून) खांद्यापर्यंत मात्र प्रत्येक दोन फ्रेमच्या, म्हणजे हलच्या आतल्या बरगड्यांच्या, मधल्या कप्प्यात वाचन घ्यावं, दोन्ही बाजूंनी. खांदा म्हणजे जिथे नाळेचा उतार संपून बाजू सरळ होते, तिथे झीज सर्वांत जास्त, कारण फुटलेले तुकडे तिथेच घासून बाजूला जातात. फिनिश-स्वीडिश बर्फ-नियमांत प्लेटच्या जाडीत घर्षण आणि गंज यांसाठी २ मिलिमीटर धरलेले असतात. ते संपले की मूळ ताकद खायला सुरुवात होते.

दबलेली प्लेट ओळखायला तिरपा प्रकाश टाक. फ्रेम वर राहतात आणि मधली प्लेट आत जाते, उपाशी घोड्याच्या बरगड्या दिसतात तसं. दोन फ्रेमवर सरळ पट्टी ठेवून मधली खोली मोज आणि नोंद फ्रेमच्या अंतरासोबत कर. नुसती प्लेट आत गेली तर बऱ्याचदा चालतं, क्लासची (जहाज प्रमाणित करणाऱ्या संस्थेची) मर्यादा बघून ठरवायचं. पण आतून फ्रेमच आडवी पडली असेल, म्हणजे तिची उभी पट्टी (वेब) एका बाजूला कलली असेल, तर ते ताबडतोब कापायचं. कललेली फ्रेम पुढच्या धडकेला काहीच वजन घेत नाही आणि शेजारच्या दोघींवर भार येतो. एकीमागून एक जातात. म्हणून बाहेरून चांगली दिसणारी बाजूही आतून, लायनिंग काढून, बघितल्याशिवाय सही करू नये.

ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं ती म्हणजे वेल्ड. बर्फ रंग खरवडून काढतो, उघडं पोलाद खाऱ्या पाण्यात येतं, आणि वेल्डची धातू प्लेटपेक्षा किंचित कमी ‘नोबल’, म्हणजे आधी गंजणारी, असेल तर गंज वेल्डमध्येच खोल चर पाडतो. प्लेट ३० मिलिमीटर शिल्लक आणि शिवण मात्र पाच-सहा मिलिमीटर खाल्लेली असं होतं. जाडीमापक प्लेटवरच ठेवला तर तक्ता सुंदर येईल आणि जहाज आतून कमकुवत राहील. शिवणीवर वेगळा पिट-गेज लावायचा. दुरुस्ती म्हणजे चर कोरून साफ (गॉज) करून, प्लेटपेक्षा जरा नोबल, थोडं निकेल किंवा तांबं असलेल्या इलेक्ट्रोडने पुन्हा भरणं आणि मग मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी. झिंक अ‍ॅनोड बर्फात उखडून जातात, त्यामुळे आइसब्रेकरला हलच्या समतल बसवलेले इम्प्रेस्ड करंटचे (वीज देऊन गंज रोखणारे) अ‍ॅनोडच हवेत.

रंग सॉल्व्हंटविरहित इपॉक्सी, साधारण ५०० मायक्रॉन. १९७० च्या दशकात फिनलंडमध्ये हा प्रकार रुजला. गंज कमी होतो, शिवाय बर्फाचं घर्षणही घटतं. खडबडीत गंजलेला हल तेवढ्याच ताकदीत कमी जाड बर्फ फोडतो. कॅप्टनला वाटतं इंजिन थकलं, आणि दोष हलच्या पृष्ठभागाचा असतो.

रडर (सुकाणू) विसरू नकोस. मागे येताना बर्फ रडरवर आदळतो आणि स्टॉक (रडरचा उभा दांडा) पिळतो. टिलरवरची शून्याची खूण आणि रडरची पात प्रत्यक्ष मध्यरेषेत आहे का, हे डॉकमध्येच बघ. दोन-चार अंशांचा फरक निघाला तर स्टॉक काढून चावीचा खाचा आणि कोन तपासायचा.

‘मॅकिनॉ’च्या बाबतीत एक गोष्ट तक्त्यात वेगळी लिही. ते गोड्या पाण्यातलं जहाज. गोड्या पाण्यात पोलाद फार हळू गंजतं. पण गोड्या पाण्याचा बर्फ खाऱ्या बर्फापेक्षा कणखर असतो, खाऱ्यात मिठाच्या पाण्याचे कप्पे असल्याने तो वाकवल्यावर लवकर तुटतो. म्हणजे तिथे गंज कमी आणि मार जास्त. समुद्रातल्या जहाजाशी त्याची वर्षं सरळ तोलू नयेत.

---

ध्वज_आणि_नोंद

‘लॅब्राडोर’ची नोंद दुरुस्त कर. १९५४ ते १९५७ हा त्याचा फक्त कॅनेडियन नौदलातला काळ. १९५४ मध्ये नॉर्थवेस्ट पॅसेज पार करणारं ते पहिलं नौदली जहाज. १९५७ च्या अखेरीस ते वाहतूक खात्याकडे गेलं, नंतर कॅनेडियन कोस्ट गार्डमध्ये आलं आणि १९८७ पर्यंत चाललं. जहाजाचं वय ३३ वर्षं, नौदली सेवा सुमारे साडेतीन.

हा फरक सगळ्या तक्त्याला लागू होतो. अमेरिकन नौदलानेही आपले आइसब्रेकर १९६५-६६ मध्ये कोस्ट गार्डला दिले. ‘साउथविंड’ने तर सोव्हिएत झेंड्याखाली ‘अ‍ॅडमिरल मकारोव’, मग अमेरिकन नौदलात ‘अ‍ॅटका’ आणि शेवटी पुन्हा कोस्ट गार्डमध्ये ‘साउथविंड’ अशी नावं घेतली. त्यामुळे बांधणी, नौदली सेवा, एकूण सेवा आणि मोठं आधुनिकीकरण असे चार रकाने कर. नाहीतर धोरण बदललं म्हणून हस्तांतरित झालेलं जहाज थकलेल्या जहाजाच्या रांगेत बसेल.

इंजिन की हल या वादात माझं एक म्हणणं. १९८० पूर्वीच्या जहाजात केबलच्या आवरणात आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबी हे विषारी रसायन, पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉस हमखास सापडतं. इंजिन बदलायचं म्हणून डेक उघडला की हे सगळं नियमाप्रमाणे काढावं लागतं, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. बऱ्याच जुन्या जहाजांचा निर्णय या हिशोबावर होतो, प्लेटच्या मिलिमीटरवर नव्हे.

आयुष्य वाढवण्याचा नियोजित नमुना हवा असेल तर अमेरिकन कोस्ट गार्डच्या बे वर्गाची १४० फुटी बर्फफोडी टग बघ. नऊ जहाजं, पहिलं १९७९ चं, डिझेल-इलेक्ट्रिक, एक पंखा, २,५०० अश्वशक्ती, ६६२ टन. हलखालून हवेचे बुडबुडे सोडून बर्फाचं घर्षण कमी करतात. २०१४ ते २०२० दरम्यान बाल्टिमोरच्या यार्डात एकेक करून सगळी नेली, साधारण पंधरा वर्षं वाढवण्याच्या हेतूने. सगळी एकदम थकू दिली नाहीत, हा त्यातला शहाणपणाचा भाग.

---

तळेगाव_कॅडेट

सगळ्यांचे मनापासून आभार. चार रकाने आजच करतो. सर, दोन शंका. पंखा अडकला की कम्युटेटर जळतो, तर मग ऑपरेटरने नेमकं काय करायचं? आणि बर्फाच्या चिखलाने कूलिंग पाण्याची वाट बंद होते असं वाचलं, ते रचनेत कसं टाळतात? मुंबई-गोव्याचं अजून कोणी सांगितलं नाही.

---

शाफ्टलाइन_लोणावळा

अडकलेल्या पंख्यावर जोर देत राहायचं नाही. हँडल लगेच शून्यावर, मग कमी प्रवाहात उलट. सुटला नाही तर पुन्हा सुलट, असं हलक्या झटक्यांनी. सुटल्यावर दोन-तीन मिनिटं कमी भारावर फिरवून कम्युटेटर सगळीकडे सारखा थंड होऊ द्यायचा. लॉगमध्ये प्रत्येक स्टॉलची (मोटर अडकून थांबल्याची) वेळ आणि अँपिअर लिहिणं सक्तीचं असावं. पुढच्या तपासणीत कोणत्या मोटरचा कम्युटेटर आधी उघडायचा ते त्यावरूनच ठरतं.

कूलिंगचं समुद्राचं पाणी आत घेणारी हलमधली पेटी म्हणजे सी-चेस्ट, तिचं गणित सोपं आहे. फिनिश-स्वीडिश नियमांचा मार्गदर्शक आकडा असा की सहायक इंजिनं धरून प्रत्येक ७५० किलोवॅटला सुमारे एक घनमीटर सी-चेस्ट हवा. समज मुख्य इंजिनं मिळून २,००० किलोवॅट आणि सहायक २५०. मग २,२५० भागिले ७५०, म्हणजे ३ घनमीटर. चेस्ट उंच हवा, म्हणजे बर्फ वर तरंगेल आणि इनलेट पाइप खाली राहील. किमान एक इनलेट मध्यरेषेजवळ आणि शक्यतो मागे. जाळीचं उघडं क्षेत्रफळ इनलेट पाइपच्या छेदाच्या किमान चौपट. २०० मिलिमीटरच्या पाइपला छेद ०.०३१४ चौरस मीटर येतो, म्हणून जाळी ०.१२६ च्या वर. आणि सर्वांत महत्त्वाचं, इंजिनातून बाहेर पडणारं गरम पाणी पूर्ण प्रवाहाने परत चेस्टमध्ये सोडणारी लाइन.

जुन्या जहाजात बिघाड इथेच सापडतो. परतीच्या लाइनचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न हलवल्याने जाम होतो, किंवा दुरुस्तीत कोणीतरी लाइन ब्लँक (झाकण लावून बंद) करून ठेवलेली असते. उन्हाळ्यात काहीच कळत नाही. पहिल्या चिखल-बर्फात सक्शनचा दाब पडतो, पंप हवा ओढतो आणि जॅकेटचं तापमान चढतं. तपासणीत हा व्हॉल्व्ह हाताने पूर्ण उघड-बंद करून बघणं मी पहिल्या दिवसाच्या कामात धरतो.

---

बरगडी_आणि_प्लेट

मुंबई-गोव्याचं मी सांगते. भारताकडे स्वतःचा आइसब्रेकर नाही, अंटार्क्टिक मोहिमा १९८१ पासून भाड्याच्या जहाजांवर चालत आल्या आहेत, म्हणून प्रश्न काल्पनिक असला तरी विचार करण्यासारखा आहे.

पहिली अडचण शेवाळ आणि शिंपले. बर्फाचा इपॉक्सी अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले रोखणारा रंग) नाही, आणि वरून अँटिफाउलिंग लावलं तर पहिल्याच बर्फात ते खरवडलं जातं. म्हणजे उष्ण पाण्यात जहाज उभं असताना पाणबुड्यांकडून मऊ ब्रशने वारंवार सफाई, दुसरा सोपा मार्ग नाही. कडक ब्रश वापरला तर इपॉक्सीचा गुळगुळीतपणा जातो आणि घर्षणाचा फायदा संपतो.

दुसरी, कूलर. थंड पाण्यासाठी मापलेले कूलर ३०-३२ अंशांच्या समुद्रात कमी पडतात. मूळ रचनेतच ३२ अंश धरलेले आहेत का ते कागदावर बघायचं, नाहीतर बंदरात पूर्ण भाराची चाचणी घेऊच नये.

तिसरी दमटपणाची, आणि सर यावर माझ्यापेक्षा जास्त सांगतील. जून ते सप्टेंबर जहाज उभं असेल तर मोटर आणि जनरेटरचे स्पेस हीटर चोवीस तास चालू हवेत, आतली हवा बाहेरपेक्षा निदान पाच अंश गरम राहील इतके. शोअर सप्लाय (किनाऱ्यावरून येणारी वीज) जाताच हीटर बंद पडतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून हीटरच्या सर्किटला वेगळा अलार्म द्यावा आणि मेगर दर आठवड्याला घ्यावा.

हीलिंग टँकही आतून बघावे. जहाज डावी-उजवीकडे झुलवून बर्फातून सोडवायला पाणी इकडून तिकडे पंपाने फिरवतात, त्यामुळे भिंती सतत ओल्या-कोरड्या होतात. उष्ण हवेत तिथला गंज थंड पाण्यातल्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. उभ्या काळात हे टँक अर्धे भरलेले ठेवू नयेत. पूर्ण रिकामे करून वाळवावेत किंवा काठोकाठ भरावेत.

---

शाफ्टलाइन_लोणावळा

ताईंच्या हीटरच्या मुद्द्यात एक भर. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा मोटर चालू करण्याआधी मेगर कमी आला तर थेट व्होल्टेज देऊन ‘चालता चालता वाळेल’ असं करू नये. हीटर आणि गरम हवेने दर तासाला वाचन घेत वाळवायचं. सुरुवातीला वाचन आणखी खाली जातं, कारण तापल्याने ओल सुटते आणि पसरते. तिथे घाबरून थांबायचं नाही. मग ते चढायला लागतं, आणि सलग काही तास एकाच पातळीवर स्थिर राहिलं की मोटर तयार. सेमिनारसाठी तो वक्र आलेखावर काढून दाखव, खाली जाऊन वर येणारा. परीक्षक त्यावर नक्की विचारतील.